सोयाबीन वावरात, सभा अकरा वाजता

(गटविकास अधिकाऱ्यांना खुले पत्र)

मा. गटविकास अधिकारी साहेब,
सादर नमस्कार.

विषय : आपल्या पत्रातला 'उदासीनता' हा शब्द.

तालुक्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका साहेबाला बदनाम करायचं नाही, आणि शेजारच्या तालुक्यातल्या साहेबांना हे पत्र आपल्यालाच आहे असं वाटलं तर तेही बरंच. जिल्हा यवतमाळ, एवढं पुरे.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या कार्यालयाचं पत्र आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं. ग्रामस्थांच्या उदासीनतेमुळे ग्रामसभेची गणपूर्ती होत नाही, सबब जनजागृती करावी, असा त्याचा मतलब. आठ दिवसांनी पंचायत समितीच्या सभागृहात लोकसहभागावर एक दिवसाची कार्यशाळा झाली. बचत गटाची सचिव म्हणून मलाही बोलावणं होतं. बाहेरून आलेल्या प्रशिक्षक सरांनी पडद्यावर स्वीडन दाखवलं, स्वित्झर्लंडच्या चौकात हात वर करून उभी असलेली माणसं दाखवली, ऑस्ट्रेलियाचे मतदानाचे आकडे दाखवले आणि म्हणाले, "आपल्याकडे ही मानसिकताच नाही." मी उठून विचारलं, "सर, तिथं सभा सोंगणीच्या दिवसात ठेवतात का?" सभागृह हसलं. सर म्हणाले, ताई, प्रश्न चांगला आहे, जेवणानंतर घेऊ. जेवणानंतर प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाला आणि सर नागपूरच्या गाडीत बसले.

प्रश्न तसाच राहिला, म्हणून हे पत्र.

माझी ओळख थोडक्यात. पाच एकर कोरडवाहू वावर. कपाशी, तूर, सोयाबीन. एक पंचवार्षिक ग्रामपंचायतीत सदस्य होते, महिला राखीव जागेवरून. पहिल्या वर्षी खुर्चीवर बसले की पदर सावरण्यातच वेळ जायचा. तिसऱ्या वर्षापासून पावत्या मागायला लागले. तेव्हा ग्रामसभेच्या त्या बाजूला बसून गावाकडे पाहिलंय आणि आता या बाजूला बसून ग्रामपंचायतीकडे पाहते. दोन्हीकडून सारखं दिसत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आता २ ऑक्टोबरला काय झालं ते ऐका.

सभा सकाळी अकराला. आदल्या संध्याकाळी नोटीस चिकटवली होती, तीही ग्रामपंचायतीच्या आतल्या दारावर. नियमाने नोटीस सात दिवस आधी हवी. दवंडी नाही. तांड्यावर कोणी गेलं नाही, आणि टेकडीच्या पलीकडे कोलामांचा पोड, म्हणजे आदिवासींची वस्ती, आहे तिथे तर नाहीच. त्या दिवशी मी कुठे होते? वावरात. सोयाबीन वाळून खडखडत होतं. आणखी दोन दिवस ठेवलं तर शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो. वरून परतीच्या पावसाचा अंदाज. सोंगून ठेवलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला की शेंगेतच कोंब फुटतात, मग व्यापारी हातात घेऊन बघतो आणि भाव न सांगता पुढे जातो. शेजारच्या गावाहून सोंगणीची टोळी आणलेली, एकरावर ठरलेली. ती टोळी सोडून मी 'स्वच्छता ही सेवा' ऐकायला जाऊ?

गावात मतदार साडेअकराशेच्या आसपास. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो लागतो. म्हणजे आम्हाला १०० माणसं हवी होती. आली ३८. त्यात शाळेच्या झेंड्याला आलेले मास्तर, अंगणवाडीच्या दोघी, आशाताई आणि पारावरचे नेहमीचे म्हातारे. सभा तहकूब. पाच-सहा दिवसांनी तहकूब सभा झाली, ती कधी झाली हे मला माझ्या जावेकडून कळलं, तेही झाल्यावर. तिथे अकरा माणसं होती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून त्या अकरा जणांनी वर्षाच्या आराखड्यावर हात वर केले. त्या आराखड्यात गावच्या तोंडाशी स्वागत कमान आहे. आम्ही बायांनी दोन वर्षांपासून मागितलेला पाणंद रस्ता नाही. काळ्या मातीतल्या त्या पाणंदीतून पावसाळ्यात बंडी जात नाही, कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बाया चिखलात उतरतात. कमानीखालून उतरतील आता.

चार दिवसांनी शिपाई रजिस्टर घेऊन घरी आला. "काकू, इथं सही करून द्या, उपस्थितीची." मी म्हटलं, मी तर नव्हते रे. तो बिचारा म्हणाला, "कोणीच नव्हतं काकू, म्हणून तर फिरून राह्यलो." मी सही केली नाही. पण पुष्कळांनी केली, काहींनी अंगठे दिले, आणि कागदावर आमची सभा भरली.

आता तुमच्या पत्रातला शब्द पुन्हा वाचा साहेब, आणि त्या शिपायाच्या वाक्याशेजारी ठेवून बघा.

माझी लेक अमरावतीला राज्यशास्त्रात एम. ए. करते. दिवाळीत आली तेव्हा कापूस वेचता वेचता मी तिला विचारलं, की तुझ्या पुस्तकात या देशांबद्दल काय लिहिलंय ते नीट सांग, मला सर्कशीतला हत्ती दाखवल्यासारखं दाखवलंय. रोज रात्री जेवणानंतर ती वाचून दाखवायची, मी प्रश्न विचारायची. जे कळलं ते सांगते. प्रशिक्षक सरांनाही हे ठाऊक असणारच. त्यांनी अर्धंच सांगितलं.

ऑस्ट्रेलियापासून सुरू करू. १९२२ च्या निवडणुकीत तिथे ६० टक्केही मतदान झालं नव्हतं. १९२४ मध्ये मतदान सक्तीचं केलं आणि १९२५ मध्ये ते ९१ टक्क्यांच्या वर गेलं. तीन वर्षांत त्या लोकांची मानसिकता बदलली म्हणावं का? शेजारी-पाजारी, म्हातारे-कोतारे तेच होते. मत दिलं नाही तर दंड आहे, छोटाच. पण त्यांनी आणखी एक केलं, जे पडद्यावर दाखवलं नाही. तिथे मतदान शनिवारी ठेवतात, म्हणजे बहुतेकांच्या सुटीच्या दिवशी. शाळांच्या आवारात मतदान असतं आणि बाहेर शाळेसाठी निधी जमवायला खाण्याचे स्टॉल लागतात. लोक मत देतात, सॉसेज खातात, गप्पा मारतात. थोडक्यात जत्राच. (त्यांचंही सगळं चोख नाही. तिथल्या मूळ आदिवासींना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क सगळीकडे मिळायला १९६२ उजाडावं लागलं.)

दंड आमच्याकडेही लावा असं मी म्हणत नाही. तो भरायला सोयाबीनच विकावं लागेल. पण चिलीचं ऐका. त्या देशाने २०१२ पासून सक्ती काढली आणि मतदान घसरलं. २०२० मध्ये नवी राज्यघटना हवी की नको, एवढ्या मोठ्या प्रश्नावरसुद्धा अर्धेच, ५१ टक्के लोक आले. २०२२ मध्ये त्याच राज्यघटनेच्या मसुद्यावर मत घेताना सक्ती परत आणली, तर सुमारे ८६ टक्के. दोन वर्षांत उदासीन लोक जागे झाले, असं कोणी तिथे म्हटलं असेल तर मला भेटायचंय त्यांना.

स्वीडनमध्ये सक्ती नाही, तरी २०२२ मध्ये ८४ टक्के मतदान झालं. तिथे मतदार यादी सरकार स्वतः करतं, माणसाला कुठे अर्ज घेऊन जावं लागत नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नाव आपण नोंदवायचं, घर बदललं की परत नोंदवायचं. तिथे २०२० मध्ये शतकभरातलं सगळ्यात जास्त मतदान झालं म्हणून गाजावाजा झाला, ते होतं सुमारे ६६ टक्के. आपल्याकडे यादीसाठी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, घरी येतो आणि मतदान केंद्र दोन किलोमीटरच्या आत असावं असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. सरकारी कामाची मी सहसा तारीफ करत नाही, पण ही करते.

आणि त्याचं फळ बघा. २०२४ च्या लोकसभेला, १९ एप्रिलच्या विदर्भातल्या उन्हात, गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास ७२ टक्के मतदान झालं. जंगल, नाले, बंदोबस्त, आणि काही भागांत मतदान दुपारी तीनलाच बंद होणार, तरीही. त्याच दिवशी नागपुरात, जिथे दर चौकात बूथ आणि सावलीला झाडं, तिथे ५४ टक्क्यांच्या आसपास. आता सांगा, जागृतीची कार्यशाळा कुठल्या सभागृहात घ्यायची?

अमेरिकेची एक गोष्ट मात्र माझ्या मनात घर करून बसली. तिथे निवडणूक नोव्हेंबरातल्या मंगळवारी होते. का? तर १८४५ मध्ये हा दिवस ठरला तेव्हा देश शेतकऱ्यांचा होता. नोव्हेंबरपर्यंत पीक घरात आलेलं आणि थंडीने रस्ते अजून बंद झालेले नसायचे. रविवारी देवळात जायचं, सोमवारी घोडागाडी जुंपून तालुक्याला निघायचं, मंगळवारी मत द्यायचं आणि बाजाराच्या दिवसाआधी घरी परत. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या सरकारला गाडीने येणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब जमला. (आता तिकडे लोक कारखान्यात नि दुकानात, मंगळवार कामाचा, म्हणून तोच दिवस नडतो. कायदा तिथेच राहिला. ते त्यांचं दुखणं.) आपल्या ग्रामसभेच्या नेहमीच्या चार तारखा घ्या आणि आमच्या वावराशेजारी मांडा. २६ जानेवारीला तुरीची सोंगणी आणि कापसाचा शेवटचा वेचा. १ मे ला ४४-४५ अंश ऊन, पत्र्याच्या सभागृहात माणूस भाजून निघतो. १५ ऑगस्टला निंदण, डवरणी, फवारणी. २ ऑक्टोबरचं वर सांगितलंच. वर्षात आम्हाला थोडी उसंत असते ती नेमकी या चारांच्या मधे. तारखा राष्ट्राच्या मोठेपणाच्या आहेत, मान्य. त्या दिवशी झेंडा लावू, मुलांना गोळ्या वाटू. हिशेब मात्र दुसऱ्या दिवशी बसून करता येतो.

स्वित्झर्लंडचं चित्र सरांनी फार प्रेमाने दाखवलं. चौक, डोंगर, हात वर केलेली माणसं. खरंच, तिथल्या दोन भागांत आजही मोकळ्या मैदानात सगळे जमून निर्णय घेतात. पण पूर्ण देशाचं बघाल तर २०२३ च्या त्यांच्या संसदेच्या निवडणुकीत ४७ टक्केही मतदान झालं नाही, आणि मत तर घरबसल्या टपालाने पाठवता येतं. वर्षातून तीन-चार वेळा कशा ना कशावर कौल असतो. लेक म्हणते, ज्याला जो विषय महत्त्वाचा वाटतो त्या कौलाला तो येतो, बाकी वेळा घरी राहतो. आणि एक आकडा मी दोनदा वाचून घेतला: तिथे बायांना देशपातळीवर मताचा हक्क १९७१ मध्ये मिळाला. ज्या मैदानातल्या सभेचा फोटो आम्हाला दाखवतात, तशाच एका भागात, आपेनझेल इनररोडेनमध्ये, बायांना सभेत घ्या हे १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. माझ्या आजीने १९५२ मध्ये मत दिलं होतं साहेब. अंगठा येत होता, अक्षर येत नव्हतं.

पण फुशारकी मारायला मला तोंड नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची हा आपला कायदा आहे. आमच्या गावात गेल्या चार वर्षांत ती एकदाही भरल्याचं मला आठवत नाही, आणि इतिवृत्ताच्या वहीत ती प्रत्येक वेळी झालेली आहे. मी सदस्य असतानाही दोनदा अशीच झाली. तेव्हा मी सही केली होती. ते आज इथे लिहिते, कारण नाहीतर कोणी तरी उठून सांगेलच.

लेकीने एक फार कामाची गोष्ट वाचून दाखवली. अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी १९९० च्या दशकात हाच प्रश्न उलटा विचारला, की माणसं सार्वजनिक कामात का येत नाहीत? उत्तरं तीन. जमत नाही, इच्छा नाही, किंवा कोणी बोलावलंच नाही. मी ही उत्तरं घेऊन आमच्या आळीत फिरले. "काहून गेली नाही वं सभेले?" विचारलं, तर पहिली म्हणाली, "रोज बुडते माय. तीनशे रुपये तू देशीन का?" दुसरी म्हणाली, "मले कोन सांगतलं होतं?" तिसरीने उत्तर दिलं ते अमेरिकेतल्यांनाही द्यावं असं आहे: "जाऊन का करू? तिथं सारं ठरलेलंच असते. आपुन फक्त डोकं मोजाले." आपलं पत्र तीनपैकी एकच कारण धरून बसलंय, इच्छा नाही. आणि ती का नाही हे विचारायच्या आत कार्यशाळेचं बिल निघालं.

तिसरीच्या उत्तरावर मी जास्त वेळ घालवते, कारण खरी मेख तिथे आहे.

घरकुलाची यादी वाचायची असली की आमच्या ग्रामसभेत माणसं मोजावी लागत नाहीत. खिडकीतून डोकी आत येतात. ऊन, सोंगणी, रोज, काही आड येत नाही. कारण त्या दिवशी सभेत खरंच काही तरी ठरणार असतं, निदान तसं वाटतं तरी.

माझ्या माहेरी दारूचं दुकान बंद करायला बायांचं मतदान झालं. आडवी बाटली की उभी बाटली. आधी गावातल्या २५ टक्के बायांच्या सह्या, मग त्या सह्यांची पडताळणी, मग मतदान. आणि दुकान आडवं करायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं हवीत. आलेल्यांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या एकूण बायांच्या निम्मी. मेलेली नावं, लग्न होऊन गेलेली नावं सगळी धरून. त्या दिवशी माझी वहिनी कमरेला कापसाची ओटी बांधलेली तशीच वावरातून आली होती. ऐंशी वर्षांची म्हातारी नातवाच्या मोटरसायकलवर. दुकान आडवं झालं. तेव्हा कोणी जागृती केली नव्हती. ठाऊक होतं की इथे शिक्का मारला की त्या दुकानाला कुलूप लागतं.

आता हे दोन कायदे शेजारी ठेवा. दारूचं दुकान हटवायचं तर गावातल्या निम्म्याहून जास्त बाया हव्यात. गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर करायचा तर तहकूब सभेत अकरा माणसं चालतात. मला कायद्याचं शिक्षण नाही, पण कोणाची किती काळजी घेतली आहे एवढं वाचता येतं.

ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रे नावाचं शहर आहे. १९८९ पासून तिथल्या नगरपालिकेने वस्त्या-वस्त्यांत सभा घेऊन विचारलं, या वर्षीचा नव्या कामांचा पैसा कुठे घालू? गटार की रस्ता की शाळा? ठरलेल्या कामांची यादी दरवर्षी छापून लोकांच्या हातात दिली, की तुम्ही हे ठरवलं, आता तपासा. या सभांना गरीब वस्त्यांतली माणसं आली, बाया आल्या, ज्यांना आपण उदासीन म्हणतो तीच. पुढे सत्ता बदलली, पैसा आटला, आणि सभाही विरत गेल्या. जाणाऱ्या माणसाचा यात काय दोष? आपल्याकडे केरळने १९९६ मध्ये राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा खाली पंचायतींना दिला आणि मग ग्रामसभा घेतल्या. आधी पैसा, मग भाषण. आमच्याकडे पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून आलेला. पाणी हवंच, तक्रार नाही. पण उरलेल्या ४० टक्क्यांत काय घ्यायचं हे तरी तालुक्याहून 'घ्या म्हणून सांगितलंय' असं यायला नको. ती कमान कोणाच्या डोक्यातून आली हे मी विचारलं तर ग्रामसेवक (आता म्हणे ग्रामपंचायत अधिकारी) छताकडे बघत होते.

एवढं लांबही जायला नको. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आपल्या विदर्भातलंच. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. निर्णय बहुमताने घेत नाहीत, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत बसतात. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं, म्हणजे बांबू बाहेर नेण्याच्या परवान्याचं, पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. बांबू आपला, हिशेब आपला, तर सभेला कोण जाणार नाही? पण मला त्यांच्या सभेपेक्षा त्यांचा अभ्यासगट आवडतो. सभेच्या आधी विषय घेऊन बसायचं, कागद वाचायचे, बाहेरच्या जाणत्या माणसाला विचारायचं, निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. गंमत म्हणजे लेक म्हणाली, स्वीडनमध्ये शंभर वर्षांहून जास्त काळ हेच चालतं, सात-आठ माणसं संध्याकाळी एकत्र बसून एखादा विषय शिकतात, त्याला ते अभ्यासमंडळच म्हणतात. प्रशिक्षक सरांनी स्वीडनचा आकडा दाखवला, ही संध्याकाळ दाखवली नाही. आणि मेंढा तर पडद्यावर आलंच नाही. आमच्या सभागृहापासून ते स्वीडनपेक्षा बरंच जवळ आहे.

आणखी एक, मग मागण्यांवर येते. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ तिथे निवडणूक नाही, प्रशासक. पंचायत समित्यांचंही तेच. म्हणजे ज्या सभागृहात बसून आम्हाला लोकसहभाग शिकवला जातो, त्या सभागृहाला इतकी वर्षं लोकांनी निवडलेला माणूस नव्हता. यात आपला दोष नाही, ते वरचं राजकारण. पण उदासीनता शब्द लिहिताना हात थोडा तरी अडखळायला हवा होता.

आमच्याही चुका आहेत. सभेत दारू पिऊन येणारे दोघे-तिघे ठरलेले. तांड्यावरच्या माणसाला बोलू न देणारे आम्हीच. सरपंच बाई असल्या तर उत्तर त्यांचे पती देतात आणि आम्ही बायाही त्यांच्याच तोंडाकडे बघतो. सदस्य असताना मी पाणंदीचा ठराव लिहून घेतला, पण त्याचा पाठपुरावा केला नाही. हे आमचं आम्ही बघू. आपल्या हातात जे आहे ते मागते.

१. तो शब्द मागे घ्या. फळ्यावर एक दुरुस्तीचं पत्र लागलं तरी चालेल.

२. ग्रामसभेची वेळ गावाला विचारून ठरवा. हंगामात सूर्य मावळल्यावर, बाजाराचा दिवस सोडून. नेहमीच्या चार तारखांना फक्त झेंडा होऊ द्या असं माझं म्हणणं आहे. ते वरून बदलायचं असेल तर आपण तशी शिफारस पाठवा, खाली शंभर सह्या मी आणते. खऱ्या.

३. नोटीस सात दिवस आधी, बाहेरच्या भिंतीवर. दवंडी. व्हॉट्सॲपवर टाका, पण पोडावर आणि तांड्यावर माणूस पाठवा, कारण मोबाईल सगळ्यांकडे आहे, रिचार्ज नाही. आणि नोटिशीत विषय मराठीत लिहा, 'आयत्या वेळचे विषय' एवढ्यावर भागवू नका.

४. तहकूब सभेत आराखडा आणि पैशाचे विषय घेऊ नका. कायदा परवानगी देतो हे मला माहीत आहे. तरी निदान तिची दवंडी पुन्हा द्या आणि किती माणसं होती ते ठरावाच्या खाली ठळक लिहा.

५. प्रत्येक सभेची सुरुवात मागच्या ठरावांनी व्हावी. कोणता झाला, कोणता नाही, का नाही. नाही झाला हेही उत्तर आहे. गप्प बसणं उत्तर नाही.

६. रजिस्टर घरोघरी फिरवणं बंद. सही सभेतच, ठराव मोठ्याने वाचून झाल्यावर.

७. महिला सभा खरी घ्या. त्या दिवशी पुरुष सदस्यांनी आणि पतींनी बाहेर चहा प्यावा.

आराखड्यातल्या कमानीचा विषय मी वेगळ्या अर्जात दिला आहे, त्याची पोच आपल्या आवक-जावक विभागाने अजून दिलेली नाही. तेवढी द्यायला सांगा.

पुढची सभा २६ जानेवारीला धरलेली असणार. तेव्हा तुरीची सोंगणी चालू असेल, आणि कापूस घरात असेल की व्यापाऱ्याकडे, ते भावावर आहे. सभा संध्याकाळी सातला ठेवली तर माझ्या गटाच्या वीस-पंचवीस बाया मी घेऊन येते, आणि पोडावरच्या चौघींना आणायची जबाबदारीही माझी, येताना टॉर्च त्यांचा, जाताना माझा. अकराला ठेवली तर मी वावरातच असेन. रजिस्टर घेऊन त्या पोराला माझ्या धुऱ्यावर पाठवू नका, त्यालाही घरची तूर आहे.

आपली,
एक माजी ग्रामपंचायत सदस्या,
यवतमाळ जिल्हा